पित्त नव्हतं ते, योगिता

योगिता, तुझ्या तेरवीला आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने जेवून हात धुतल्यावर मला सांगितलं की वेळच आली होती. मी दर वेळी मान हलवली. माझ्या एका हातात भाताचं टोपलं होतं आणि दुसऱ्या हातात डाव, आणि तो डाव मी कुणाच्या पाठीत घातला नाही एवढीच त्या दिवशीची माझी कमाई. वेळ आली होती म्हणे. मला शिसारी आली आहे या तीन शब्दांची. जेवायला मात्र सगळ्यांना वेळेवर यायला जमलं.

तुझ्या नावाला सध्या गावात एक आजार चिकटला आहे. चक्कीवर दळण घेऊन आलेल्या बाया म्हणतात, योगिता पित्ताने गेली. एकीने तर मला समजावून सांगितलं की पित्त कधीकधी मेंदूत चढतं. तू मोटारसायकलवरून पडलीस, डोकं डांबरावर आपटलं, हे या गावात पोरासोरांना ठाऊक आहे. तरी पित्तच म्हणायचं, कारण पित्त म्हटलं की कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही. मी दाखवणार आहे. तुला ते आवडणार नाही, तू नेहमीसारखी मला चूप बसवायला बघशील, पण आता तुझा इलाज नाही.

तू फार गुणाची होतीस वगैरे मी लिहिणार नाही, ते बाकीचे बोलतात. तू हट्टी होतीस. मी तुझी थोरली जाऊ आणि वर शिंपीणबाई, तरी माझ्या हातचा ब्लाउज तू कधी एका फेरीत पसंत केला नाहीस. बाही लांब कर म्हणायचीस, केली की आखूड कर. आणि सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे तो पदर. तुझे भासरे, म्हणजे माझे हे, अंगणात दिसले की तू हातातलं टाकून उठायचीस, पदर कपाळापर्यंत ओढायचीस आणि दाराआड जायचीस. भासऱ्याने धाकट्या भावजयीला शिवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. यांनीही तो मान पुरेपूर घेतला. इतक्या वर्षांत तुझ्याकडे तोंड करून एक शब्द बोलले नाहीत. चहा पाहिजे असला की भिंतीकडे बघून म्हणायचे, चहा मिळेल का. मग तू भिंतीआडून मला सांगायचीस, बाई, विचारा ना, साखर किती. मी दोघांमध्ये उभी, टपाल पोहोचवल्यासारखी.

त्यावरून आपलं किती वाजलं. मी म्हणायची, भासरा आहे तो, वाघ नाही. तू म्हणायचीस, "तुमाले नाही समजत, बाई. त्याईनं मले कधी नजर वर करून पाह्यलं नाही, हात लावला नाही. हे का कमी हाय?" कितीतरी घरांत बायांना हेही मिळत नाही, ते मलाही माहीत होतं. म्हणून तो वाद मी दर वेळी अर्धा सोडून द्यायची आणि मशीनवर बसायची.

पण तूच एकदा ती भिंत ओलांडली होतीस. तिरोड्याला दुकान घ्यायचं म्हटलं तेव्हा घरात सगळे उलटे. घरची बाई बाजारात बसून कपडे शिवणार, लोक काय म्हणतील, असं चाललं होतं. मी रडून रडून गप्प झाले होते. तेव्हा तू दारात आलीस, पदर होताच डोक्यावर, पण भिंतीशी नाही, माझ्याशी नाही, सरळ यांच्याशी बोललीस. "दादाजी, बाईले दुकान टाकू द्या. त्याईच्या हातात कला हाय." एवढंच. हे इतके गांगरले की हो म्हणून बसले. पुढे गावातल्या बायांना घेऊन दुकानात पहिल्यांदा आलीस तीही तूच, आणि त्या दिवशीही बाही आखूड करून घेतलीस. आज माझं घर त्या दुकानावर निम्मं चालतं. त्या वेळी मी तुझे आभार मानले नाहीत. जाऊबाईंमध्ये तशी पद्धत नसते.

आता यांच्याबद्दल. हे तिरोड्याच्या वीज प्रकल्पात कामाला, म्हणून आम्ही आता तिथेच राहतो. प्रकल्पात सगळ्यांना प्रथमोपचार शिकवतात. मागल्या उन्हाळ्यात आपण सगळे गावी जमलो होतो तेव्हा यांना शिकवायची हुक्की आली. भोजराजला, तुझ्या नवऱ्याला, अंगणात सतरंजीवर उताणं झोपवलं. म्हणाले, माणूस पडला, डोक्याला लागलं, शुद्ध नाही, तर असं उताणं ठेवायचं नाही. जीभ मागे पडते, घशात ओकारी जाते, श्वास अडतो. डोकं, मान, पाठ सगळं एका रेषेत धरून अलगद कुशीवर करायचं, हनुवटी थोडी वर, आणि लगेच दवाखाना. आणि अशा माणसाचं घोरणं ऐकून निवांत बसायचं नाही, ती झोप नसते. भोजराज मेल्यासारखा पडण्याऐवजी हसत सुटला, म्हणून त्याला एक चापटही मिळाली. तू दाराआडून बघत होतीस. मला खुणावून म्हणालीस, "बाई, विचारा ना, अन् बाईमाणूस असली तं?" मी मोठ्याने विचारलं. अंगण हसलं. हेही हसले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "बाई काय अन् माणूस काय, सारखंच."

मंडईच्या दिवशी मी सकाळी तिरोड्यालाच होते. मंडई म्हणजे दिवाळीनंतरचा आपल्या गावाचा मोठा सण, घरोघर पाहुणे, पाटलाच्या आवारात दंडारीचा खेळ, दुकानं, पाळणे. त्यामुळे बायांचे ब्लाउज सकाळी देणं भाग होतं. हे पुढे गावी गेले, मी दुपारच्या बसने येणार होते. पुढचं मला भोजराजने सांगितलं. तुम्ही दोघं मटण घेऊन येत होतात. तू नेहमीप्रमाणे एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पिशवी. गर्दीत गाड्या हळू चालाव्या म्हणून पोरांनी रस्त्यावर मुरमाचा आडवा ढीग घातला होता, आदल्या दिवशी तो नव्हता. गाडी उडाली आणि तू मागे पडलीस. थोडा वेळ तुला काही समजेना. कुणी तोंडात पाणी ओतलं, कुणी दंड धरून बसतं केलं. मग तू उठलीस, धूळ झटकलीस आणि म्हणालीस, मटण वाचलं. लोक हसले. तिथेच सगळ्यांचं समाधान झालं.

घरी येऊन तू मसाला वाटलास. डोकं दुखतं म्हणालीस. मग मोरीत जाऊन ओकलीस, परत आलीस, परत ओकलीस. आई, आपल्या सासूबाई, म्हणाल्या पित्त झालं, सकाळपासून पोटात अन्न नाही, नुसता चहा. घरभर पाहुणे आणि त्यातल्या प्रत्येक बाईला पित्तावरचा उपाय माहीत. लिंबाचं सरबत झालं, डोक्याला पट्टा करकचून बांधून झाला, मागच्या खोलीत अंधार करून तुला झोपवलं. डोकं आपटलं होतं हे भोजराजने सांगितलं. त्यावर कुणीतरी म्हणालं, मग तर झोप चांगली. मग भोजराजही दंडारीला निघून गेला. मला या सगळ्या मायेची किळस येते. कुणी तुझं वाईट चिंतलं नव्हतं. इतकी माणसं, इतकी सेवा, आणि एकालाही वाटलं नाही की जी बाई मंडईच्या दिवशी चूल सोडून कधी बसत नाही ती आज डोळे का उघडत नाही.

मग तू घोरायला लागलीस. अंगणात पंगत बसली होती, आवाज बाहेरपर्यंत येत होता. कुणी म्हणालं, लागली बाप्पा झोप. आईंना बरं वाटलं. एका पाहुण्याने गंमत केली की ट्रॅक्टर चालू झालं. तू कधी घोरत नव्हतीस. लग्नाकार्याला गेलो की माझ्या शेजारी किती वेळा झोपलीस, श्वासाचासुद्धा आवाज नसायचा. पंगतीत हेही होते. यांनी जेवण अर्धं टाकलं, उठून तुझ्या खोलीच्या दारापर्यंत गेले, उंबऱ्याबाहेर थांबले आणि आईंना हाक मारली. "आई, तिले एकदा उठवून पाह्य." आई म्हणाल्या, "झोपू दे. आताच डोळा लागला." हे परत पानावर येऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा गेले, पुन्हा उंबऱ्याशी थांबले, पुन्हा आले. हे मला पंगतीतल्याच एका बाईने सांगितलं, कौतुकाने. म्हणाली, भासरा असून किती काळजी.

मी पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. पिशवी टाकून तुझ्या खोलीत आले ते तुला चिडवायलाच, की मंडईच्या दिवशी राणीसरकार झोपल्या. उताणी होतीस. ओठांच्या कडेने ओकारी वाळली होती, ओठ काळे पडायला लागले होते, घशात गुळगुळ आवाज. मी हाका मारल्या, चिमटा काढला, काही नाही. मी तुला कुशीवर ओढलं, तोंडातून सरबत आणि काय काय गळलं. मी ओरडले ते मंडईच्या भोंग्यांच्या आवाजातही ऐकू गेलं म्हणतात. मी आणि धावत आलेल्या भोजराजने तुला उचलून जीपमध्ये घातलं. गाडी तुझ्या भासऱ्यांनी चालवली, भरधाव. गाडी चालवण्यात शिवाशीव नव्हती.

गोंदियाच्या दवाखान्यात तुझ्या घशात नळी गेली आणि तिथूनच नागपूरला. तिथे डोक्यातलं साचलेलं रक्त काढलं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला आणि भोजराजला उभ्याउभ्याच सांगितलं. "रस्त्यावर जो मार बसला तो बसला, तो कुणालाच पुसता येत नाही. पण तो एवढा मोठा नव्हता. नंतर आत रक्त साचत गेलं, वर श्वास अडला, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, सूज आली. हा दुसरा मार. आमचं सगळं काम हा दुसरा मार टाळण्याचं असतं." भोजराजने विचारलं, लवकर आणलं असतं तर. डॉक्टर म्हणाले, बहुतेक बोलत घरी गेल्या असत्या. मग त्यांनाच वाटलं असावं की हे बोलायला नको होतं, कारण ते चष्मा पुसत निघून गेले.

त्यानंतर मी तुझी राखण केली, योगिता, तेवढी एक गोष्ट मला करता आली. नर्सने समजावलं होतं. पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली राहिली पाहिजे. मान सरळ पाहिजे, वळली की डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडतं आणि सूज वाढते. ताप चढता कामा नये, रक्तदाब पडता कामा नये, उगाच हलवायचं नाही, ठसका लागू द्यायचा नाही. एरवी तुझी मान सरळ ठेवणं मला कधी जमलं नव्हतं, माप घेताना सारखी खिडकीबाहेर बघायचीस. आता मी उशीजवळ बसून तुझी हनुवटी बघत होते, इंचाने हलली तरी नर्सला हाक.

आणि बाहेर आपली माणसं. जीप भरभरून आली. भेटायला नाही गेलं तर वाईट दिसतं ना. एकेकाला आत सोडतात, हे कुणाला पटेना. तुझी मावशी आत येऊन तुझ्या छातीवर पडून रडणार होती, मी तिला दंडाला धरून बाहेर काढली. आईंच्या भावाने गावच्या देवाचा अंगारा आणला होता आणि तो पाण्यात कालवून तुझ्या तोंडात सोडायचा होता, नळी असलेल्या तोंडात. मी म्हटलं, कपाळाला लावा आणि जा. तो म्हणाला, या बाईला दुकानाची मस्ती आली. मी म्हटलं, हो आली. एकाने काचेतून तुझा फोटो काढला. शस्त्रक्रियेसाठी तुझे केस काढलेले, तोंड सुजलेलं, आणि तो फोटो आपल्या समाजाच्या ग्रुपवर, खाली हात जोडलेले. ज्या बाईने कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही तिचं बोडकं डोकं गावभर फिरलं. त्या वेळी कुणाला मान आठवला नाही. हे मात्र वर आले नाहीत. फाटकाशी चहाच्या टपरीवर बसून राहायचे.

सूज उतरली नाही. पुढचं तुला सांगण्यात अर्थ नाही.

घरून निघताना सगळ्यात पुढचा खांदा तुझ्या भासऱ्यांनी दिला. बांबू खांद्यावर आणि हात तिरडीवर, तुझ्या डोक्याला लागून. मी दारातून बघत होते. लोक म्हणाले, लेकीसारखं केलं. मेल्यावर चालतं वाटतं, असं माझ्या मनात आलं. त्या घोरण्याचा अर्थ यांना तेव्हाच कळला होता, असा तोवर मला नुसता संशय होता.

खरं काय ते दहाव्याच्या आधी कळलं. आम्ही तिरोड्याच्या घरी कपडे आणायला गेलो होतो. मी भाकरी वाढली. यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "मले समजलं होतं. ते घोरणं बराबर नव्हतं." मी तव्यावरची भाकरी उलटायला विसरले. म्हटलं, मग? म्हणाले, "आत घरचा माणूस नव्हता. सगळ्या बायाच. मी भासरा होय, कसा हात लावू? लोकं काय म्हणले असते?" आणि रडायला लागले. मी जळकी भाकरी तव्यासकट मोरीत ठेवली. मला त्यांचं रडणं बघवेना, त्यांचे हात बघवेनात. ओरडून सगळ्यांना उठवायचं होतं तेही सुचलं नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाले, पाहुणे जेवत होते. तुला खोटं वाटेल, पण तेव्हापासून मी त्यांच्याशी भिंतीकडे बघून बोलते. तू शिकवलेलं कामाला आलं.

आता तेरवीचं सांगते आणि थांबते. पाहुणे गेले होते, घरची माणसं अंगणात बसली होती. आई कुणाला तरी परत तेच सांगत होत्या, की बिचारी शेवटी गाढ झोपली, घोरून राहिली होती, तेवढाच तिला आराम. मी टोपलं खाली ठेवलं. यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, भिंतीकडे न बघता. म्हटलं, "उठा. उन्हाळ्यात भोजराजला झोपवून दाखवलं होतं ते पुन्हा दाखवा. या वेळी बाई असली तं."

आई म्हणाल्या, काय तमाशा लावला तेरवीच्या दिवशी. मी सतरंजी अंथरली. मीच झोपणार होते, पण बायको झोपून काय सिद्ध होणार. तेवढ्यात प्रणिता उठली, तुझ्या चुलतदिराची बायको, हे तिचेही भासरेच. तुझ्यासारखीच दाराआड जाणारी. "मी झोपतो, बाई," म्हणाली आणि पदर तोंडावर घेऊन उताणी पडली.

हे उभे राहिले. भोजराज भिंतीला टेकून बसला होता, त्याने मान वर केली. मग यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची दोन टोकं दोन्ही हातांवर गुंडाळली आणि गुडघ्यावर बसले. एक हात प्रणिताच्या खांद्याखाली, एक गुडघ्यामागे, आणि तिला अलगद कुशीवर केलं. तोंडावरचा पदर दुपट्ट्याच्याच हाताने बाजूला सारला. हनुवटी थोडी वर केली. एका श्वासात झालं सगळं. चुकलं कुठेच नाही, चांगलं शिकवलं होतं त्यांना.

भोजराज म्हणाला, "दादा, एवढंच होतं?"

हे हातावरचा कपडा सोडायचा प्रयत्न करत होते, गाठ बसली होती.

योगिता, दुपट्टा मंडईच्या दिवशीही त्यांच्या खांद्यावरच होता.